कोरड्या हातांचा चढ

बाथरूममध्ये दार एक होतं, तेही आत उघडणारं. उंबरा एक, साडेसात सेंटिमीटर उंच. नळ दोन, शॉवर एक, बेसिन एक, खिडकी एक. बादल्या तीन, पाणी घ्यायचे मग चार, त्यांतल्या एकाचा कान तुटलेला. प्लास्टिकचं स्टूल एक. भिंतीवर हुक नऊ, आणि त्यांतला सर्वांत खालचा जमिनीपासून एकशे अडुसष्ट सेंटिमीटरवर, म्हणजे बसलेल्या माणसाने नुसतं बघत राहावं असा. खोलीची लांबी दोनशे दहा सेंटिमीटर, रुंदी एकशे अडतीस.

भाचीने मेटल टेप मिटवली आणि खात्री करायला पुन्हा उघडली.

"झालं का मोजून?" दाराबाहेर चाकाच्या खुर्चीत बसलेली आत्या म्हणाली. "झुरळं राहिली बघ. तीही मोजून घे."

"माझ्या घरात झुरळं नाहीत!" स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

"नाहीत कशी? तुझ्या धाकाने तोंड दाखवत नाहीत, एवढंच."

भाचीला आत्या लहानपणापासून 'फूटपट्टी' म्हणायची. हातात काही आलं की ही पोरगी आधी त्याची लांबी घेणार, मग ते खायचं की खेळायचं ते ठरवणार. आता तर ती पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन घरी आली होती, म्हणजे मोजायचा परवानाच मिळाला होता.

आत्याचं शिक्षण वेगळ्या जागी झालं होतं. बावीस वर्षं तिने शहरात बस चालवली. डेपोत तिला सगळे 'कप्तान' म्हणत. मग पाठीच्या कण्यात गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला आणि कमरेखालचे पाय मात्र परके झाले. चिमटा काढला तरी कळत नसे, ऊन-गार कळत नसे. दंड तेवढे शाबूत होते. मोठी मोठी स्टेअरिंगं ओढून कमावलेले ते दंड बघून दवाखान्यातला व्यायाम शिकवणारा मुलगाही म्हणाला होता, "मावशी, तुम्हीच मला शिकवा."

आठ महिने आत्याची आंघोळ एका ठरल्या पद्धतीने होत होती. बाबा खुर्ची उंबऱ्यावरून उचलून आत टेकवायचे आणि पाठ फिरवून बाहेर पडायचे. मग आई बाह्या सरसावून आत्याला स्टुलावर घ्यायची आणि न्हाऊ घालायची. आईची कंबर धरली होती, पण ती तोंडातून ब्र काढत नसे. भाचीच्या लक्षात आलं होतं ते दुसरंच. एरवी आत्याच्या जिभेला क्षणभर विसावा नसे, पण त्या अर्ध्या तासात बाथरूममधून तिचा एक शब्द ऐकू येत नसे.

मग एके दिवशी जेवता जेवता आत्याने जाहीर केलं की शहराबाहेरच्या सेवागृहात तिने स्वतःसाठी खोली विचारून ठेवली आहे. महिनाअखेरपर्यंत ते लोक खोली अडवून ठेवतील.

आईचा घास हातातच राहिला. "माझ्या हाताला काटे आहेत का, वन्सं?"

"काटे नाहीत गं. पण आठ महिन्यांत माझ्या पाठीला माझा स्वतःचा हात लागलेला नाही. दार लावून, एकटीने, हवा तितका वेळ आंघोळ. एवढंच मागणं आहे. या घरात ते जमलं तर मी इथेच मरेपर्यंत तुमचं डोकं खाईन. नाही जमलं तर तिकडे जाईन. तिकडच्या बायकांना निदान पगार मिळतो."

"आणि आम्ही काय फुकटचे?"

"तेच तर म्हणतेय. फुकटचे आहात म्हणूनच पंचाईत आहे. पगारी माणसाला रागावता तरी येतं."

बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "ताई, काहीतरी करू."

"काहीतरी नको, धाकट्या. बाथरूम कर."

म्हणून ही मोजणी.

भाचीने आधी पुस्तकी वाट धरली. चाकाच्या खुर्चीला जागच्या जागी पूर्ण वळायला दीडशे सेंटिमीटरचं वर्तुळ मोकळं लागतं. खोलीची रुंदी एकशे अडतीस. तिने पुठ्ठ्याची छोटी खोली कापली, छोटी खुर्ची कापली आणि दोन दिवस ती खुर्ची त्या खोलीत फिरवून पाहिली. बेसिन काढलं. दार बाहेरून सरकतं केलं. तरी बारा सेंटिमीटर कमी ते कमीच. भिंत हलवावी म्हटलं तर एका बाजूला इमारतीचा खांब, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची निजायची खोली आणि तिसऱ्या बाजूला चौथ्या मजल्यावरची मोकळी हवा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तिने पडेल चेहऱ्याने पुठ्ठा आत्याच्या मांडीवर ठेवला. "आत जाऊन वळायला जागाच नाही."

आत्याने पुठ्ठ्याची खुर्ची दोन बोटांत धरली. "वळायचं कशाला?"

"म्हणजे? आत सरळ गेलीस तर बाहेर कशी येणार?"

"डेपोत बस कशी लावतात, पाहिलंस कधी? उलटी. तोंड रस्त्याकडे. मोकळ्या जागेत वळायचं आणि मागे मागे आत जायचं. आत जाऊन वळतो तो नवशिका." तिने पुठ्ठ्याची खुर्ची दाराबाहेर गिरकी घेऊन पाठमोरी आत सारली. "हे बघ. लागली बस."

भाची त्या पुठ्ठ्याकडे बघतच राहिली. दोन दिवस ती खोलीत वर्तुळ बसवत होती आणि वर्तुळ बाहेर पॅसेजमध्ये बसणार होतं. चपलांचं कपाट हलवलं की तिथे एकशे पासष्ट सेंटिमीटर मोकळे होत होते. तिने लगेच जाऊन मोजले. एकशे सहासष्ट निघाले.

रविवारी सकाळी इमारतीखाली गाड्या लावायच्या जागेत खडूने बाथरूम आखलं गेलं, खऱ्या मापाचं. भिंतींच्या जागी विटा, खांबाच्या जागी बादली, दाराच्या दोन कडांना दोन स्टुलं. फरशीचं काम करणारा मिस्त्री हिशेब समजून घ्यायला आला होता, तो गाड्या अडवत वाहतूक पोलिसासारखा उभा राहिला. चार गॅलऱ्यांतून चार कुटुंबं चहाचे कप घेऊन बघायला आली.

आत्या आंघोळीच्या नव्या खुर्चीत बसली होती. ॲल्युमिनियमची, न गंजणारी, मागे मोठी चाकं आणि चाकांना हाताने फिरवायच्या कड्या. रुंदी अठ्ठावन्न. तिने गिरकी घेतली, खांदा वळवून मागे बघू लागली आणि धाडकन डाव्या स्टुलावर आदळली.

"कप्तान, लायसन काढून घेऊ का?" मिस्त्री ओरडला.

"आधी आरसा लाव, मग बोल! आरशाशिवाय रिव्हर्स तुझा आजा तरी घेईल का?"

"बाथरूमच्या बाहेर आरसा?" आईने कपाळाला हात लावला. "येणारे जाणारे काय म्हणतील?"

"म्हणतील, बाई नटवी आहे. म्हणू देत की."

वरच्या मजल्यावरून कुणीतरी कपाटाचा आरसा आणून दिला. बाबा तो छातीशी धरून समोर उभे राहिले, जिथे पॅसेजची भिंत येणार होती तिथे. आत्याने त्यात पाहिलं, बाबांना "जरा वाकडा धर, धाकट्या, मला तुझं पोट नको, मागचं दार दिसू दे" असं म्हणाली, आणि दुसऱ्या खेपेला बादलीला हलकेच शिवून आत गेली. तिसऱ्या खेपेला तिने कशालाही स्पर्श केला नाही.

भाची तिचे हात बघत होती. उजवी कडी दोन बोटांत नुसती अडवलेली, डावीवर तळव्याचा दाब, मग एका क्षणी दोन्ही मोकळ्या आणि पुन्हा उलट. वस्तू कोणत्या बिंदूभोवती फिरते हे भाचीने वर्गात कागदावर काढलं होतं. इथे तो बिंदू आत्याच्या बोटांच्या इशाऱ्यावर सरकत होता, कधी उजव्या चाकाखाली, कधी डाव्या. ते बघताना तिला टेप उघडायचंही सुचलं नाही.

नकाशा आठवड्याभरात तयार झाला. दार पंच्याऐंशी सेंटिमीटर, सरकतं. उंबरा काढायचा. शॉवर हातात घेता येईल असा, लांब नळीचा. उलटं आत जायचं म्हणजे नळ मागच्या भिंतीवर असून उपयोग नाही, म्हणून तो उजव्या हाताच्या भिंतीवर, पुढे, पंच्याण्णव सेंटिमीटर उंचीवर. डाव्या भिंतीवर आधाराचा आडवा दांडा. हुक एकशे दहावर. एका गोष्टीवर मात्र भाची अडून बसली. नळ असा हवा होता, की कितीही फिरवला तरी पाणी चाळीस अंशांपुढे तापणार नाही.

"एवढे लाड कशाला?" आत्या म्हणाली. "हात लावून बघेन की मी पाणी."

"आणि शॉवर हातातून निसटून पायांवर पडला तर? पाय भाजले तरी तुला कळणार नाही. तुझ्या पायांना कळत नाही, म्हणून नळालाच कळायला हवं."

आत्याने यावर टोमणा मारला नाही. "घे तो नळ," एवढंच म्हणाली.

फोडाफोड झाली. घरात धुळीचं राज्य आलं. मिस्त्री बोलका होता, पण हाताचा पक्का. त्याने जुन्या फरशा काढल्या, पाणी मुरू नये म्हणून थर दिले, त्यावर सिमेंटचा पाया घातला आणि हाताच्या सवयीने पाण्याचा उतार मागच्या कोपऱ्याकडे दिला, जिथे पूर्वीपासून पाणी जायचं भोक होतं. भाचीने उतार तपासला. चाळीस सेंटिमीटरला एक. पुस्तकातल्या मापात चपखल बसत होता. फरशा लावायच्या आधी एकदा आत्याला आत जाऊन येऊ द्यायचं ठरलं.

आत्या आरशात बघत उलटी आत गेली. उतार मागे होता, त्यामुळे खुर्ची आपण होऊन सरकत गेली. "लोण्यासारखी लागली!" ती आतून ओरडली. बाबांनी टाळ्या वाजवल्या.

"आता साबण लावून बघ," भाची म्हणाली. "खरी आंघोळ करशील तेव्हा हात कोरडे नसतील."

आत्याने अंगावर कपडे असतानाच हातांना साबण फासला, पाणी घेतलं, ब्रेक सोडला आणि कड्या पुढे ढकलल्या. तळवे कड्यांवरून सर्रकन घसरले. खुर्ची वीतभर मागे गेली. तिने दात खाऊन पुन्हा ढकललं. खुर्ची पुढे येण्याऐवजी कोपऱ्याकडे तिरकी झाली आणि मागचं चाक भिंतीला जाऊन टेकलं. तिसऱ्यांदा तिने दांडा धरून स्वतःला ओढायचा प्रयत्न केला. तोही हात सुटला.

आई पुढे सरसावली, तसा आत्याने हात वर केला. "नको."

ती तिथेच बसून राहिली, हातांवर साबणाचा फेस घेऊन.

"चूक माझी आहे," थोड्या वेळाने ती म्हणाली. "बस उलटी लावली, तोंड रस्त्याकडे, की निघालोच, असं धरून चालले. डेपोतून निघताना बसला इंजिन असतं. इथे इंजिन हे." तिने तळवे दाखवले. "सेवागृहाला मीच फोन करते. धाकट्या, मला बाहेर घे."

"थांब," भाची म्हणाली. "आधी मोजू दे."

"मोज, मोज. बुडालेल्या बोटीचीही लांबी काढतातच."

भाचीने प्रवासाची बॅग तोलायचा आकड्याचा काटा आणला. खुर्चीच्या पुढच्या दांडीला अडकवला आणि आत्यासकट खुर्ची उतारावरून वर ओढली. चार किलोच्या आसपास जोर लागत होता. मग आत्याला पॅसेजच्या सपाट फरशीवर आणलं, काटा खुर्चीच्या पाठीमागे बांधून त्याचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि साबणाच्या हातांनी जमेल तितकं पुढे ढकलायला सांगितलं. अडीच किलोला तळवे सुटले. मग हात धुऊन, पुसून, पुन्हा. आत्याने रागारागाने कड्या दाबल्या. काटा अकरावर गेला आणि खिडकीचा गज कुरकुरला.

"गज तोडू नका हो," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, तरी हसू आलं.

भाचीने दोन आकडे भिंतीवरच्या ओल्या सिमेंटशेजारी पेन्सिलीने लिहिले. अकरा. अडीच. घोडं कुठे पेंड खातं ते त्या दोन आकड्यांत समोर होतं. आत जाताना हात कोरडे असतात आणि आपण त्या हातांना उतार देतोय. बाहेर येताना हात निसरडे असतात आणि आपण त्यांना चढ देतोय.

"उतार उलटा करायचा," ती म्हणाली. "मागून दाराकडे. आत जाताना चढ, कोरड्या हातांनी. बाहेर येताना उतार, ओल्या हातांनी."

मिस्त्रीच्या हातातली थापी थांबली. "दाराकडे उतार? ताई, बावीस घरांची बाथरूमं केली असतील मी याच इमारतीत, पाणी कधी दाराकडे काढलं नाही. उंबराही काढलाय तुम्ही. पाणी थेट सोफ्याखाली जाईल की!"

"दाराच्या आतच, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पन्हळ घ्यायची. वर जाळी. पाणी तिथेच पडेल."

"आणि पन्हळीतलं पाणी जाणार कुठे? भोक तर मागे आहे."

"फरशीखालून. वरचा उतार पुढे, खालच्या पाइपाचा उतार मागे."

मिस्त्रीने डोकं खाजवलं. मग तो खाली बसला, छिन्नीने कोपऱ्यातला पाया उकरला आणि हात आत घालून किती खोल आहे ते चाचपलं. हाताला काय लागतंय ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. खाली भराव नसेल, नुसता स्लॅब असेल, तर सगळं संपलं.

"वीतभर भराव आहे," तो शेवटी म्हणाला. "पाइप बसेल. पण पन्हळीला जाळी अशी घ्यावी लागेल, की पुढची बारकी चाकं अडकणार नाहीत. भोकं बारीक हवीत. जाळीची कड फरशीच्या अर्धा मिलिमीटर खाली बसवतो, म्हणजे पाणी अडणार नाही आणि चाकालाही कळणार नाही." आणि आत्याकडे वळून म्हणाला, "कप्तान, फोन आठ दिवस थांबवा. पाणी बाहेर आलं तर मी स्वतः येऊन पुसेन."

"येशील? रोज?"

"रोज. पगारी."

आत्या हसली. त्या दिवशी पहिल्यांदाच.

उतार साठाला एक असा धरला, त्याहून जास्त नाही, कारण अंग धुताना खुर्ची ब्रेकवर तोलून राहायला हवी होती. मिस्त्रीने पाया पुन्हा फोडला. पाइप टाकला, तीन वेळा पाणी ओतून पाहिलं, एकदा न आवडून परत काढला. फरशा लावताना तो प्रत्येक फरशीवर पाण्याचा थेंब टाकायचा आणि थेंब कुठल्या दिशेला ओघळतो ते गुडघ्यावर बसून बघायचा. भाचीही शेजारी गुडघ्यावर. दोघं तासन्‌तास थेंब बघत. आई म्हणाली, "यांच्या नादी लागून मीही आता पोळपाटावर थेंब टाकून बघणार."

पहिल्या आंघोळीच्या दिवशी आत्याने स्वतःच्या खोलीत आंघोळीच्या खुर्चीवर स्वतःला सरकवलं, मांडीवर टॉवेल, कपडे आणि साबण घेतला आणि पॅसेजमध्ये गिरकी घेतली. भिंतीवरच्या आरशात बघत ती मागे गेली. चढ होता; दंडांच्या शिरा फुगल्या, पण खुर्ची चढली. मग तिने हात लांब करून दार ओढलं. दार सरकत आलं आणि आतून कडी लागली.

बाहेर तिघं बसून राहिली. बाबा वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होते. पाण्याचा आवाज आला. थांबला. काहीतरी खाली पडलं. आई उठली.

"वन्सं? येऊ का?"

"येऊन करशील काय, दाराला कडी आहे! शॅम्पूची बाटली पडली. पडू दे. तिला सांगितलं होतं, कडेला उभी राहू नकोस."

आई बसली. पुन्हा उठली. पुन्हा बसली. आतून आत्या बोलतच होती: आधी साबणाला, मग नळीला, मग एका जुन्या डेपो मॅनेजरला, ज्याचं म्हणे केस धुताना नेमकं नाव आठवतं. पाणी पन्हळीत पडल्याचा एकसारखा आवाज येत होता. भाची दाराखालच्या फटीजवळ फरशीवर तळवा टेकून बसली होती. तळवा कोरडा होता.

"कंडक्टर!" आतून हाक आली. आत्या आईला लाडात आली की कंडक्टर म्हणायची.

"काय हो?"

"काही नाही. नुसतंच. तुझी कंबर कशी आहे?"

बाबांनीच उत्तर दिलं, "बरी आहे."

कडी निघाली. दार सरकलं. आत्याचे केस चपचपीत ओले होते, गाऊन उलटा घातला गेला होता आणि खांद्यावर अजून थोडा फेस होता. तिने ब्रेक सोडला, फेसाळ तळवे कड्यांवर नुसते टेकवले आणि ती जाळीवरून बाहेर आली.

"त्या सेवागृहवाल्यांना कळव," ती बाबांना म्हणाली. "खोली गरजू माणसाला द्या म्हणावं." मग आईकडे बघून, "आणि तू आजपासून ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी माझ्या केसांना तेल लावून द्यायचंस. तेवढं मला आवडतं."

आईने टॉवेलने तिच्या खांद्यावरचा फेस पुसला. आत्याने पुसू दिला.

"फूटपट्टी, अशी बघतेस काय? काटा आण. तोलल्याशिवाय तुला जेवण जायचं नाही."

तिने हात कोरडे केले, पुन्हा उलटी आत गेली आणि ब्रेक न लावता कड्या हातांनी धरून थांबली. भाचीने काटा पुढच्या दांडीला अडकवला. आत्याने कड्या सोडल्या. भाची हळूहळू ओढत गेली. खुर्ची हलली तेव्हा काट्यावर तीनशे ग्रॅम होते.